मोंटेकार्लोत काढलेली दृष्ट

बाळाला पायांवर पालथं घेऊन पहिला तांब्या ओतताना अंबूबाई नेहमी एकच वाक्य म्हणतात, "ही आली बग लाट. मोंटीकारलूची लाट, लई गरीब. पोराला बुडवीत न्हाई."

चिंचवडगावातल्या निम्म्या पोरांनी हे नाव देवाच्या नावाआधी ऐकलं असेल. माझ्या मुलाच्या वेळी, म्हणजे यंदाच्या माघात, मीही पहिले चार-पाच दिवस ते नुसतं कानावरून जाऊ दिलं. वाटलं, असेल काहीतरी न्हाणीतलं गाणं. मग एकदा डोक्याला रुमाल बांधून बाजेवर पडल्या पडल्या मला कॉलेजातला इतिहासाचा तास आठवला. भिंतीवरच्या नकाशावर समुद्राच्या काठाशी सरांनी बोट टेकवलं होतं आणि त्या बोटाखाली एक आख्खं संस्थान झाकून गेलं होतं. "जुगारावर चालणारं राज्य," असं म्हणून सर हसले होते.

"अंबूबाई, हे मोंटेकार्लो तुम्ही कुठं ऐकलंत?"

"ऐकायचं कशापाई? ऱ्हाऊन आले की पाच म्हैनं."

आणि त्या बाळाच्या टाळूवर तेल थापत राहिल्या.

शेजारच्या कौशल्याबाई माझ्यासाठी अळिवाची खीर घेऊन आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "यांचं काय ऐकता वहिनी. सांगवीच्या पलीकडं औंध असतंय, मोंटीकारलू नसतंय."

"तुमच्या मालकाला पैल्या शिफ्टीला कंपनीचं गेट गावत न्हाई," अंबूबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुमी नका मला दिशा सांगू."

पुढचा सव्वा महिना रोज थोडं थोडं, शेगडीवर बाळंतशेपा-ओव्याची धुरी चाललेली असताना, त्यांनी मला सगळं सांगितलं. मधे मधे थांबायच्या, बाळाचं नाक ओढून सरळ करायच्या, "आज इतकंच" म्हणून टोपलीत तेलाची बाटली टाकून निघून जायच्या. मी दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीची वाट बघत बसे.

अंबूबाई मूळच्या सांगवीच्या. नवरा तरुणपणीच गेला. मूल एकच झालं, तेही पाळण्यातच गेलं. त्याविषयी त्या एवढंच बोलतात. तेव्हापासून बाळ-बाळंतिणीचं न्हाणं हेच त्यांचं काम. नदीच्या या अंगाला आणि त्या अंगाला, जिथं पाळणा हलेल तिथं अंबूबाई पाणी तापायच्या आत हजर.

सात वर्षांमागं पिंपरीच्या माळावर एक नवा कारखाना उभा राहत होता. तिथं यंत्रं बसवायला परदेशातून एक इंजिनियर आला होता, बरोबर त्याची बायको. तिला पुण्याच्या इस्पितळात मुलगी झाली. नर्स होती तोवर ठीक. ती गेली आणि मुलगी रडायला लागली ती थांबेना. त्यांच्या बंगल्यावर चांदभाई नावाचे खानसामा होते. त्यांची पाचही पोरं अंबूबाईंच्या हातून न्हालेली. ते सायकलवरून सांगवीला गेले आणि अंबूबाईंना मागं बसवून घेऊन आले. अंबूबाईंनी मुलीला तेल चोळलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, धुरी दिली, घट्ट बाळुतं गुंडाळलं. पोर सहा तास झोपली. मडम इतकी घाबरली की दर अर्ध्या तासानं येऊन तिच्या नाकाशी बोट धरून बघत होती.

मुलीचं नाव सिमोन. अंबूबाईंनी पहिल्याच दिवशी तिची सुमन केली. महिनाभराच्या कामासाठी गेलेल्या त्या मग घरी परतल्याच नाहीत, बंगल्यामागच्या खोलीतच राहिल्या. सुमन बोलायला लागली ती अंबूबाईंचंच बोलणं. "आमी न्हाई जेवनार." "लई ऊन हाय." आईबापाला एक अक्षर कळायचं नाही. मग मडम मुलीला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी यायची आणि पोटच्या पोरीचं म्हणणं खानसाम्याकडून हिंदीत ऐकायची.

"चांदभाई, ये क्या बोलती?"

"मेमसाब, बेबी बोलती, बाप की मूछ गडती है."

पंचावन्न साली साहेबाचं काम संपलं. त्याला पुढं दुसऱ्या कुठल्या देशात जायचं होतं. तोवर मायलेकी मडमच्या आईकडं राहणार होत्या, मोंटेकार्लोला. मडमनं अंबूबाईंना समोर बसवलं आणि चांदभाईंना मधे घालून सांगितलं, पाच महिने चला. सिमोन तुमच्याशिवाय झोपत नाही. तिला तिथं रुळवा. ती माझ्या आईच्या मांडीवर जायला लागली की तुम्हाला बोटीत बसवून देऊ.

"म्हंजी मला इसरायला शिकवायला मलाच नेत व्हत्या," अंबूबाई मला म्हणाल्या. "दूध तोडायला कडुलिंब लावतात बगा, तसं."

"मग तुम्ही गेलात कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला माझ्या बी.ए.ची लाज वाटली.

"न्हाई गेले आस्ते तर ती मुंबईच्या बंदरावरच माज्या हातनं गेली आस्ती. आन खरं सांगू वैनी? मनात म्हनलं, पोर काय मला सोडती व्हय? पाच म्हैन्यांनी त्येच म्हनतील, अंबू, तू ऱ्हा हितंच. सुमनचं लगीन होईस्तवर ऱ्हाते मी त्या दर्याकाठी, असं ठरवूनच मी बोटीत पाय ठिवला."

बोटीवर त्यांनी बरोबर नेलेल्या गाठोड्यात बाजरीचं पीठ होतं, मोहरी होती आणि पसाभर सुक्या मिरच्या, देठासकट. जिनोव्हा नावाच्या बंदरात उतरून पुढं आगगाडी. एका हाताला डोंगर, एका हाताला समुद्र, मधे बोगद्यावर बोगदे. बोगदा आला की सुमन त्यांच्या पदरात शिरायची आणि संपला की "दर्या!" म्हणून ओरडायची.

ते गाव अंबूबाईंच्या तोंडून ऐकावं. "डोंगराला घरं चिकटवल्यात. वरच्याच्या उंबऱ्यावरनं पाय घसरला की खालच्याच्या कौलावर. बंदरात पांढऱ्या होड्या, पर मासं धरायला न्हाई, नुसतं बसायला. माडावानी झाडं, पर नारळ न्हाई. रस्ता रोज धुत्यात. कुत्र्याला कोट आन म्हाताऱ्यांच्या अंगावर मेलेल्या जनावराचं कातडं, त्येला डोळं बी तसंच. आन पानी! कुनीतरी नीळ कालवल्यावानी. मी हात बुडवून बगितला. हात बाहीर काढला तर आपला सांगवीचाच."

पहिल्या दिवशी म्हाताऱ्या मडमबरोबर सगळ्या फिरायला निघाल्या. बागेच्या टोकाला एक थोरली इमारत होती. दोन शिखरं, मधे घड्याळ, माथ्यावर मूर्ती. भारी कपड्यांतली माणसं गंभीर चेहऱ्यानं पायऱ्या चढत होती आणि काहीजण त्याहून गंभीर होऊन उतरत होती. अंबूबाईंनी पायरीशी चपला काढल्या आणि हात जोडले. दारावरचा बिल्लेवाला हसायला लागला. सुमननं त्यांचं लुगडं ओढलं.

"अंबू, देव न्हाई हितं. आजी पत्तं खेळती हितं."

"मग मी चपला घातल्या," अंबूबाई म्हणाल्या. "पर वैनी, जत्रंत सोरट लावत्यात ती मान्सं आरडत्यात, हासत्यात. हितं समद्यांची तोंडं सुतकात बसल्यावानी. येवढं सोन्यानं मढिवलेलं घर, आन हासायला बंदी."

म्हातारी मडम रोज दुपारी तीनला तिथं जायची. काळे हातमोजे, काळी टोपी. जाताना आधी शेजारच्या मोठ्या हॉटेलात शिरायची. आत कुणा जुन्या राजाचा घोड्यावरचा पुतळा होता. त्या घोड्याच्या गुडघ्याला ती हात लावायची आणि मग खेळायला जायची. काचेच्या दारातून अंबूबाईंना ते दिसायचं. सगळा घोडा काळपट आणि एक गुडघा हात लागून लागून पिवळाधमक. येणारा जाणारा प्रत्येक जण हात लावून जायचा. "आपल्या म्हसोबाच्या शेंदरावानी," त्या म्हणाल्या.

अंबूबाई आणि सुमन तेवढा वेळ समोरच्या बागेत बसत. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, मांडीवर सोनेरी केसांची पोर. येणारे जाणारे थांबून बघत, फोटो काढत, पोरीच्या गालाला हात लावत. अंबूबाईंना ते आवडायचं नाही. पण म्हातारीचा निराळाच धाक होता. मुलीशी आता तुमचं बोलणं बोलायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. अंबूबाईंना दुसरं कुठलं येत होतं? मग त्या गप्प बसायच्या. त्या गप्प, म्हणून सुमनही गप्प. आजी चमचा पुढं करायची, सुमन तोंड फिरवायची. आजी काही विचारायची, सुमन अंबूबाईंकडं बघायची.

"तुम्हाला बरं वाटत असेल," मी म्हटलं.

"वाटायचं की. खोटं कशाला बोलू? म्हातारीच्या हातचा घास पोर थुकायची आन माजं पोट भरायचं."

दोन महिन्यांनी सुमनला ताप आला. अंग कढत, जेवण बंद, डोळे छताकडं. डॉक्टर आले, काही सापडत नाही म्हणाले. चौथ्या दिवशी दुपारी म्हातारी खेळायला गेली, मडम औषधाला गेली. अंबूबाईंनी गाठोडं सोडलं. मीठ, मोहरी आणि सात मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी सुमनवरून डोक्यापासून पायापर्यंत ओवाळलं. "आल्यागेल्याची, बागंतल्या बायांची, फोटुवाल्याची, दारावरच्या बिल्लेवाल्याची," असं एकेकाचं नाव घेत मूठ भिंतीतल्या चुलीत टाकली. तिथल्या घरांत बसायच्या खोलीच्या भिंतीत ऊब घ्यायला चूल असते.

आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, दृष्ट लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही. जितकी कडक दृष्ट तितकं घर शांत.

ठसका आला. असा आला की अंबूबाईंना भिंत दिसेना. सुमन खोकायला लागली, वरच्या मजल्यावरचे खोकायला लागले, जिन्यात माणसं जमली. राखणदार पाण्याची बादली घेऊन आत आला आणि त्यानं ती चुलीत ओतली. त्या काळ्या चिखलात म्हातारी मडम येऊन उभी राहिली, हातमोज्यानं नाक धरून. मागोमाग तिची लेक.

"ये क्या किया, अंबू?" मडम रडकुंडीला आली होती. चांदभाई मधे नसल्यानं बोटीपासून तिला अंबूबाईंचं बोलणं थोडंफार कळायला लागलं होतं.

"दृष्ट काढली."

"क्यों?"

"तुमची आई घोड्याचा गुडघा का धरती? तसंच."

म्हातारीनं विचारलं असावं ही काय म्हणाली म्हणून. मडमनं डोळे पुसत सांगितलं. अंबूबाईंना वाटलं, आता गाठोडं बांधायचं. पण म्हातारी खुर्चीत बसली, टोपी काढली आणि काहीतरी म्हणाली.

मडमनं सांगितलं, "अम्मा बोलती, उद्या खेळायला जाण्याआधी तिची पण काढ. फक्त जाळू नको."

हे सांगताना अंबूबाई इतक्या हसल्या की पायांवरचं माझं बाळ दचकलं. मग हसू थांबलं आणि त्या त्याच्या पाठीवरून नुसताच हात फिरवत राहिल्या.

"दुसऱ्या दिशी ती चूल मीच घासत व्हते. आन घासता घासता माज्या ध्यानात आलं. ठसका आला म्हंजी दृष्ट न्हवतीच. मिरच्या खोटं बोलत न्हाईत. मग पोर वाळत का चाललीया? तिला दोन बायांच्या मधी धरली व्हती, एक हात म्हातारीच्या हातात, एक माज्या. म्हातारी वढती ते दिसत व्हतं. मी वढती ते मला दिसत न्हवतं."

बाहेर कौशल्याबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

म्हातारीची दृष्ट काढायचं काम अंबूबाईंनी स्वतः केलं नाही. सुमनचा ताप उतरल्यावर, तीनच्या थोडं आधी, त्यांनी मीठ तिच्या मुठीत दिलं आणि तिला खुर्चीशी उभं केलं. "काढ आजीची." तापातून उठलेली ती पोर पहिल्या दिवशी लांबूनच हात फिरवून पळून आली. चौथ्या दिवशी आजीच्या गुडघ्यावर चढून टोपीभोवती ओवाळायला लागली. आठवड्यानं आजीनं तिची झाकलेली मूठ धरून तिचा मुका घेतला आणि सुमन हसली. त्या रात्रीपासून ती आजीच्या ताटातलं खायला लागली.

मग अंबूबाईंनी आपली वळकटी रोज वीतभर लांब सरकवली. आधी पलंगाला लागून, मग खिडकीशी, मग उंबऱ्यात, मग उंबऱ्याबाहेर. सुमननं "अंबू" म्हणून हाक मारली की मनात वीस मोजायचे आणि मग ओ द्यायची. पुढं चाळीस. एकदा चाळीस मोजून झाले तरी दुसरी हाक आली नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारातून डोकावल्या, तर सुमन आजीला काही सांगत होती, आजीच्याच बोलीत.

आणि नेमकं तेव्हाच म्हातारीनं ते विचारलं. फाल्गुनात, गावात तिथल्या राजाच्या लग्नाची रंगरंगोटी चालली होती. मडम म्हणाली, "अम्मा बोलती, तू परत कशाला जातेस? इथंच राहा. कायमची."

जे ऐकायला त्या समुद्र ओलांडून गेल्या होत्या, ते अगदी तसंच.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. खरं तर उत्तर समोर बसलं होतं, माझ्या मुलाच्या ढुंगणाला पावडर लावत.

"म्हनलं, माज्या बोटीचं बगा. मी ऱ्हायले आस्ते तर वळकटी परत उंबऱ्याच्या आत आली आस्ती, वैनी. माजा मला भरवसा न्हवता."

जायच्या दिवशी तीन वाजता सुमन आजीच्या मांडीवर बसून मूठ फिरवत होती. अंबूबाईंनी मागच्या जिन्यानं ट्रंक उतरवली. वाटेत बागेशी गाडी थांबली तेव्हा त्यांना निळं पाणी शेवटचं दिसलं. हॉटेलचं दारही दिसलं. उतरून घोड्याच्या गुडघ्याला एकदा हात लावून यावा असं फार वाटलं त्यांना. "पर काय मागायचं त्येच ठरंना," त्या म्हणाल्या. "म्हनून बसूनच ऱ्हायले."

सव्वा महिना झाला, माझी न्हाणी संपली, तरी अंबूबाई मंगळवारी मंगळवारी येत राहिल्या. एकदा त्यांनी टोपलीतून एक कागद काढला. त्यावर मडमनं स्वतःच्या हातानं लिहिलेला पत्ता होता. तीन वर्षांत तो तेलानं पारदर्शक झाला होता.

"तुमास्नी इंग्रजी येतं. लिवा, अंबू बरी हाय. आन इचारा," कागदाचा कोपरा सरळ करत, "सुमन माजं नाव काढती का."

लिहिलं. पोस्टमनची वाट त्या माझ्यापेक्षा जास्त बघायच्या, पण विचारायच्या मात्र "पाऊस काय म्हनतो?" असं. श्रावणात उत्तर आलं. आत एक फोटो होता: पाठीला दप्तर लावलेली, पुढचे दोन दात पडलेली मुलगी, शेजारी काळ्या हातमोज्यांची म्हातारी, मागं समुद्र. कौशल्याबाईंनी फोटो हातात घेतला, उलटा करून पाहिला, अंबूबाईंकडं पाहिलं आणि आत जाऊन गुपचूप चहा टाकला.

मी पत्र आधी मनात वाचलं. दुसऱ्या परिच्छेदाशी थांबले.

"वाचा की."

"सिमोन शाळेत हुशार आहे, असं लिहिलंय. पोहायला शिकली. आजी तिच्याशिवाय जेवत नाही."

"आन?"

"तुमची भाषा ती विसरली म्हणतात."

"व्हनारच. आन?"

मला ते टाळता आलं असतं. त्यांना कुठं वाचता येत होतं. पण त्या माझ्या चेहऱ्याकडं तशाच बघत होत्या, जशा बाळाचा रंग बघून दुखणं ओळखतात.

"मडमनं तिला विचारलं, अंबू आठवते का. तिनं पुष्कळ विचार केला आणि म्हणाली, ते आपलं मांजर होतं का?"

अंबूबाई हसल्या. "मांजर!" म्हणाल्या. पुन्हा एकदा, हळू, "मांजर." मग पदरानं फोटोवरचा बोटाचा डाग पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"मग काम चोख झालं म्हनायचं माजं."

"अजून आहे पुढं," मी म्हटलं, आणि वाचून दाखवलं. मडमनं लिहिलं होतं: "एक गंमत. आई रोज तीनला निघते, त्याआधी सिमोन चिमूटभर मीठ मुठीत घेऊन तिच्याभोवती फिरवते आणि काहीतरी पुटपुटते. त्यातले शब्द आम्हाला कळत नाहीत, तिलाही कळत नाहीत. का करतेस असं पाहुण्यांनी विचारलं, तर म्हणते, आमच्यात असंच करतात."

अंबूबाईंनी मला ते शेवटचं वाक्य तीनदा वाचायला लावलं. कौशल्याबाई चहाची कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनाही चौथ्यांदा ऐकायचं होतं.

मग अंबूबाई म्हणाल्या, "कुनीकडनं फिरवती?"

"म्हणजे?"

"हात. उजवीकडनं का डावीकडनं? लिवलंय का?"

लिहिलं नव्हतं.

"मी गेले तवा उलटी फिरवायची कवाकवा. ल्हान व्हती. आता कोन सांगनार तिला? लिवा वैनी, आत्ताच लिवा."

मी दौत-टाक घेऊन बसले. दृष्ट कशी काढायची हे मला इंग्रजीत लिहिता येईना. कॉलेजात इतकं शिकले, ह्याला शब्द सापडेना. शेवटी मी कागदावर एक खुर्ची काढली, खुर्चीत टोपीवाली म्हातारी काढली, तिच्याभोवती बाण काढला आणि बाणाच्या टोकाशी एक लहान हात.

अंबूबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांच्या अंगाला तिळाच्या तेलाचा वास येत होता.

"मूठ झाकलेली काढा," त्या म्हणाल्या. "उघडी न्हाई. मीठ सांडंल तिचं."